१८ महिने आणि वर ५४ दिवस

प्रमोशनची ऑर्डर मी पहिल्यांदा बघितली ती ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. ११ जून २०१८, सोमवार. तीन पानी पीडीएफ, वाकडी स्कॅन केलेली, आणि पहिल्याच पानावर ज्येष्ठता यादीत माझ्या खाली असलेल्या तिघांची नावं. मी दोनदा वाचली, मग मोबाईल आडवा धरून वाचली, म्हणलं कडेला काही कापलं गेलं असेल. नाव नव्हतंच. ग्रुपवर तोपर्यंत गुलाबाची फुलं आणि अभिनंदन सुरू झालं होतं, मीपण एक फूल टाकलं, नाही टाकलं तर लगेच दिसतं ना.

मी राज्य सरकारच्या एका ऑफिसात वरिष्ठ लिपिक होते, पुढचं पद सहायक अधीक्षक. ऑफिस कुठलं ते सांगत नाही, मराठवाड्यातलं आहे एवढं पुरे. चौकशी नाही, मेमो नाही, सीआर म्हणजे दर वर्षाचे गोपनीय अहवाल सगळे चांगले. फक्त २०१६ च्या सप्टेंबरपासून मी बाळंतपणाच्या रजेवर होते, १८० दिवसांची असते ती, आणि मध्येच आमचे साहेब बदलून गेले. त्या वर्षाचा माझा गोपनीय अहवाल कुणी लिहिलाच नव्हता. जुने साहेब म्हणणार मी तर बदलून आलो, नवीन म्हणणार माझ्या हाताखाली या बाई होत्याच कुठं. अर्थात हे मला तेव्हा माहीतच नव्हतं, नाव का नाही हे विचारायला आस्थापना शाखेत गेले तर तिथल्या भाऊसाहेबांनी वर बघितलं नाही आणि म्हणाले, "मॅडम, कमिटीचं गोपनीय असतं. निवेदन द्या की तुम्ही."

मग दिलं निवेदन. १८ जून २०१८, एक पान, "महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून", नेहमीसारखं. झेरॉक्सवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का घेतला. या शिक्क्याचं पुढं एवढं महत्त्व होईल हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी तो कागद लॅमिनेट करून ठेवला असता. प्रत्यक्षात तो पोराच्या लसीकरणाच्या फाइलमध्ये सापडला, दीड वर्षानं.

त्यानंतर मी काय केलं तर वाट बघितली. आणि स्मरणपत्रं लिहिली. सप्टेंबर २०१८ ला पहिलं, जानेवारी २०१९ ला दुसरं, एप्रिलला तिसरं, ऑगस्टला चौथं. प्रत्येक वेळी "संदर्भ: माझे यापूर्वीचे निवेदन दि. १८/०६/२०१८ व स्मरणपत्र क्र. १, २, ३" अशी रांग वाढत गेली आणि मला वाटायचं वा, रेकॉर्ड किती मजबूत होतंय. ऑफिसात सगळ्यांचा हाच सल्ला होता. ओएस साहेब, म्हणजे कार्यालयीन अधीक्षक, तर म्हणाले, पेपर वाढवत राहायचा, एक दिवस वरून विचारणा होतेच. कोर्टात जाणं म्हणजे शेवटचा उपाय, आधी सगळे मार्ग संपवायचे, हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं की ते मला कायद्यातलंच वाटायला लागलं. गंमत म्हणजे ते अर्धं खरंपण आहे. अर्ध्यानंच घोळ केला.

अजून एक गोष्ट होती. त्या प्रमोशन ऑर्डरच्या खाली एक ओळ होती, की या पदोन्नत्या सुप्रीम कोर्टातल्या विशेष अनुमती याचिकेच्या निर्णयाच्या अधीन राहून तात्पुरत्या आहेत. तेव्हा पदोन्नतीतल्या आरक्षणाचं प्रकरण २०१७ च्या हायकोर्टाच्या निकालानंतर वर गेलेलं होतं, त्यामुळे जवळपास सगळ्याच ऑर्डरींत ती ओळ असायची. मी ती वाचून काय समजले, तर म्हणलं हे सगळंच अजून कच्चं आहे, पक्कं होईल तेव्हा बघू. माझ्या प्रकरणाचा आणि त्या याचिकेचा काडीचा संबंध नव्हता. पण माणसाला थांबायला कारण पाहिजे असतं आणि घरात दीड वर्षाचं पोर असलं की अशी कारणं बरी वाटतात.

सप्टेंबर २०१९ मध्ये पहिल्यांदा काहीतरी लेखी आलं. ९ तारखेचं पत्र, दोन ओळी, "आपले प्रकरण विचाराधीन असून निर्णय यथावकाश कळविण्यात येईल." मला तर आनंदच झाला. नवऱ्याला फोटो पाठवला.

माहितीच्या अधिकारातला अर्ज मी त्याच्या आधी ऑगस्टमध्येच टाकलेला, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, पदोन्नती समितीच्या बैठकीचं इतिवृत्त मागितलं. ३० दिवसांच्या आत उत्तर आलं ते नकाराचं, गोपनीय आणि त्रयस्थ पक्षाची माहिती म्हणून. पहिलं अपील केलं. अपिलात साहेबांनी निम्म्या तासात सांगितलं की ज्यांची नावं आहेत तेवढं झाकून द्यायला काय हरकत आहे, आणि २२ नोव्हेंबरला इतिवृत्त माझ्या हातात पडलं. अकरा पानं, २ रुपये पानाप्रमाणे २२ रुपये भरले. सातव्या पानावर माझ्या नावापुढं लिहिलं होतं की २०१६-१७ चा गोपनीय अहवाल प्राप्त नाही, कर्मचारी दीर्घ रजेवर, सबब पुढील बैठकीत विचार करावा. "दीर्घ रजेवर". बाळंतपणाची मंजूर रजा, आणि शब्द काय तर दीर्घ रजा, जसं काही मी यात्रेला गेले होते.

पण खरी गोष्ट नवव्या पानावर होती. तिथं ज्याचं प्रमोशन झालं अशा एकाच्या पुढं शेरा होता की एका वर्षाचा अहवाल उपलब्ध नसल्याने त्यामागील वर्षाचा अहवाल विचारात घेण्यात आला, पात्र. नाव काळ्या पेननं झाकलं होतं पण अनुक्रमांक झाकायचा विसरले होते आणि ज्येष्ठता यादी माझ्याकडं होतीच. तो माणूस प्रतिनियुक्तीवर, म्हणजे तात्पुरता दुसरीकडं कामाला होता त्या वर्षी. म्हणजे एकच अडचण, एकच कमिटी, एकाच दिवशी, त्याला मागचं वर्ष चाललं आणि मला नाही चाललं. तोपर्यंत मी याला फक्त अन्याय म्हणत होते, भेदभाव हा शब्द त्या दिवशी डोक्यात आला.

आता २२ नोव्हेंबर २०१९ ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवशी माझ्या हातात सगळा पुरावा होता आणि दाद मागायची मुदत संपायला बरोबर २६ दिवस राहिले होते. मी त्या २६ दिवसांत काय केलं तर पाचवं स्मरणपत्र लिहिलं. सोबत इतिवृत्ताची प्रत जोडली. चांगलं तीन पानी लिहिलं होतं, अजून वाचलं की वाटतं भाषा बरी जमली होती.

वकिलाकडं गेले ते २० जानेवारी २०२० ला, आणि तेपण स्वतःहून नाही. माझ्या दिराचा मित्र मॅटमध्ये प्रॅक्टिस करणाऱ्या एका सीनियर वकिलांकडं ज्युनियर होता, त्यानं एका लग्नात सहज विचारलं की वहिनी, पहिलं निवेदन कधीचं. मी सांगितल्यावर त्यानं जेवणाचं ताट खाली ठेवलं आणि म्हणाला उद्याच या.

मॅट म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. राज्य सरकारच्या नोकरांच्या नोकरीविषयक तक्रारी तिथं जातात, मुख्य पीठ मुंबईला आणि खंडपीठं नागपूरला आणि आमच्याकडं औरंगाबादला, आताचं छत्रपती संभाजीनगर. केंद्रवाल्यांचं कॅट वेगळं. दोघांनाही १९८५ चा प्रशासकीय न्यायाधिकरण कायदाच लागू. मी सोळा वर्षं सरकारी नोकरीत होते आणि मला हे ऐकून माहीत होतं की मॅट नावाचं काहीतरी असतं, बदल्यांवर स्टे आणायला लोक तिथं जातात. तिथं जायला तारीख असते हे माहीत नव्हतं.

वकीलसाहेबांनी माझी फाइल उघडलीसुद्धा नाही आधी. एक कोरा कागद घेतला आणि विचारलं, "मॅडम, पहिलं निवेदन कधी? पोच आहे?" पोच दाखवली. त्यांनी लिहिलं १८-६-२०१८. त्याखाली सहा महिने, १८-१२-२०१८. त्याखाली एक वर्ष, १८-१२-२०१९. पेन ठेवलं. "झाली मुदत. महिना उलटून गेला."

मी म्हणलं पण सर, त्यांनी अजून नाही म्हणलेलंच नाहीये. विचाराधीन आहे असं पत्र आहे ना.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. त्या कायद्यात कलम २० आहे, ते म्हणतं आधी खात्याकडं दाद मागा, म्हणजे ते "सगळे मार्ग संपवा" वालं अर्धसत्य इथून येतं. पण त्याच कलमात पुढं आहे की निवेदन देऊन सहा महिने झाले आणि उत्तर आलं नाही तर मार्ग संपला असंच धरायचं. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ कायद्यानं आधीच लावून ठेवलाय. आणि कलम २१ म्हणतं की अंतिम आदेश झाला तर त्या तारखेपासून एक वर्ष, आणि उत्तरच आलं नाही तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. म्हणजे निवेदनाच्या दिवसापासून जास्तीत जास्त अठरा महिने, त्यात स्मरणपत्रांना जागाच नाही. मी पाच पाठवली काय आणि पन्नास पाठवली काय, घड्याळ पहिल्याच निवेदनाला लावलेलं असतं. १९८९ सालीच सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी, एस. एस. राठोर विरुद्ध मध्य प्रदेश सरकार या प्रकरणात, सांगून टाकलंय की वारंवार निवेदनं दिल्यानं मुदत वाढत नाही. मी म्हणलं १९८९ ला तर मी शाळेत होते. ते म्हणाले, हो, आणि त्यानंतर दर आठवड्याला माझ्याकडं एकजण स्मरणपत्रांची फाइल घेऊन येतो.

मी दुसरा मुद्दा काढला, मला तो फार हुशारीचा वाटत होता. म्हणलं सर, प्रमोशन मिळालं नाही म्हणून दर महिन्याला माझा पगार कमी येतोय, म्हणजे दर महिन्याला नवीन अन्याय होतोय ना, मग मुदत संपेल कशी? ते हसले नाहीत हे त्यांचं मोठेपण. म्हणाले हा मुद्दा आहे कायद्यात, चुकीची वेतननिश्चिती असेल, पेन्शन कमी बसवली असेल तर चालतो, २००८ चा तर्सेम सिंगचा निकाल आहे, तिथंपण मागची थकबाकी साधारण तीन वर्षांचीच देतात. पण त्याच निकालात लिहिलंय की ज्येष्ठता आणि प्रमोशनचं तसं नाही, कारण तिथं तुमच्या मागणीनं दुसऱ्या कुणाची तरी जागा हलते. तो माणूस दोन वर्षं त्या खुर्चीत बसला, त्याचं घर त्या पगारावर बसलं, आणि मग तुम्ही येऊन म्हणता ही खुर्ची माझी. मग त्यांनी १९७४ चा अजून एक जुना निकाल सांगितला, सदाशिवस्वामी म्हणून, तामिळनाडूचा, ज्युनियरला १९५७ ला प्रमोशन दिलं आणि साहेब कोर्टात गेले १९७१ ला. चौदा वर्षांनी. कोर्टानं सांगितलं की डावललं गेलं तर सहा महिन्यांत, फार तर वर्षात यायला पाहिजे होतं.

मला त्या सदाशिवस्वामींचं खरं सांगू का वाईट वाटलं. चौदा वर्षं नक्कीच काहीतरी लिहित बसले असणार.

बरं मग आता खात्याकडून नकाराचं पत्र मागवू का, म्हणजे त्या तारखेपासून वर्ष मिळेल, हा माझा तिसरा आणि शेवटचा बाण. तोपण गेला. मुदत संपल्यावर आलेल्या उत्तरानं मेलेला दावा जिवंत होत नाही, सी. जेकबचा निकाल, २००८. तिथं १९८२ ला नोकरी गेलेल्या माणसानं २००० साली निवेदन दिलं होतं. शिळ्या कढीला ऊत म्हणतात तसं.

एवढं सगळं ऐकून मी फाइल उचलायला लागले तर म्हणाले बसा. कलम २१ लाच तिसरं पोटकलम आहे, मुदतीत का येता आलं नाही याचं पुरेसं कारण दाखवलं तर न्यायाधिकरण उशीर माफ करू शकतं. विलंब माफीचा अर्ज वेगळा करायचा, मूळ अर्जासोबत. "पण मॅडम, आज आहे तेवढाच उशीर माफ करून घ्यायचाय. उद्या एक दिवस जास्त."

आम्ही १० फेब्रुवारीला दाखल केलं. ५४ दिवस उशीर.

त्या तीन आठवड्यांत मला कळलं की ५४ दिवसांचा हिशोब देणं हे किती लाजिरवाणं काम आहे. प्रतिज्ञापत्रावर सांगायचं की तू काय करत होतीस. काय करत होते, घर, पोर, ऑफिस, आणि पाचव्या स्मरणपत्राच्या उत्तराची वाट. ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं सांगितलं, अगं मेडिकल जोड ना, माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत, कंबरदुखीचं देतील दोन महिन्यांचं. खरं सांगते मी अर्धा दिवस विचार केला. वकीलसाहेबांना विचारलं तर ते पहिल्यांदा चिडले. म्हणाले हजेरीपट तुमच्याच खात्याकडं आहे, त्या दोन महिन्यांत तुम्ही रोज सही केलीय, समोरचा सरकारी वकील ते पहिल्या तारखेला काढून दाखवेल, आणि मग मूळ प्रकरणात तुम्ही खरं बोललात तरी कोण ऐकणार? कायदा माहीत नव्हता हे कारणपण मुख्य करायचं नाही म्हणाले, तुम्ही अडाणी नाही, सरकारी नोकर आहात.

मग मुख्य काय केलं तर ते ९ सप्टेंबरचं दोन ओळींचं पत्र, ज्याचा मी आनंदानं फोटो पाठवला होता. मुदत चालू असताना खात्यानंच लेखी कळवलं की प्रकरण विचाराधीन आहे, त्यावर विसंबून अर्जदार थांबली. आणि दुसरं, डावलण्याचं कारण काय हे २२ नोव्हेंबरला इतिवृत्त हातात आल्यावरच कळलं, त्याआधी आव्हान कशाला द्यायचं हेच माहीत नव्हतं. माहितीच्या अधिकाराच्या वाटेत गेलेला वेळ आपोआप वजा होत नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितलं, पण तुम्ही झोपला नव्हता हे दाखवायला त्या तारखा कामाला येतात. म्हणजे तीच स्मरणपत्रं, ज्यांनी मुदत एक दिवससुद्धा वाढवली नाही, ती आता मी जागी होते याचा पुरावा म्हणून जोडली. फुकट नाही गेली अगदीच.

अजून एक गोष्ट जी मला कुणी आधी सांगितली नव्हती. त्या तिघांना प्रतिवादी करावं लागतं. ज्यांच्या ज्येष्ठतेवर परिणाम होणार त्यांना न ऐकता निकाल देता येत नाही, त्यांना सोडलं तर तेवढ्यावरच अर्ज उडू शकतो. तिघांपैकी एक माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. डबा आम्ही एकत्र खायचो, माझं पोर आजारी असताना तिनं माझं काम ओढलेलं. मॅटची नोटीस तिच्या घरी जायच्या आधी मी तिला गच्चीवर नेऊन सांगितलं, की बाई तुझ्या विरोधात नाहीये, तुझं प्रमोशन काढा असं म्हणलेलंच नाहीये, मला फक्त तुमच्या तारखेचा मानीव दिनांक पाहिजे, म्हणजे माझं प्रमोशनपण कागदोपत्री त्याच तारखेपासून धरायचं. ती म्हणाली हो गं कळतं मला. आणि दुसऱ्या दिवसापासून डबा खायला दुसऱ्या सेक्शनला जायला लागली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नोटिशीवर "प्रतिवादी क्रमांक ४" असं स्वतःचं नाव वाचल्यावर मीपण हेच केलं असतं कदाचित.

मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं. आमची पहिली तारीख गेली, मग दुसरी. याच काळात सुप्रीम कोर्टानं १५ मार्च २०२० पासूनचा काळ मुदतीतून वगळला, तो पुढं वाढत वाढत २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंत गेला. आमच्या एका ओळखीच्यांची मुदत एप्रिल २०२० ला संपणार होती, त्यांना दोन वर्षं आयती मिळाली. माझे ५४ दिवस त्याआधीचे, त्यामुळे मला काही उपयोग नाही. देवानं साथ आणली तीपण माझी तारीख बघून, असं मी एकदा चिडून बोलले होते, नंतर माझंच मला वाईट वाटलं कारण त्या वर्षी ऑफिसातली दोन माणसं गेली.

विलंब माफीवर सुनावणी झाली ती व्हिडिओवर. खात्याचं म्हणणं असं होतं की मूळ आदेश ११ जून २०१८ चा, त्याचं वर्ष ११ जून २०१९ ला संपलं, त्यामुळे उशीर ५४ नाही तर २४४ दिवसांचा आहे, आणि निवेदन हा काही नियमातला मार्ग नाही. मी स्क्रीनवर म्यूट होते आणि घरी मोठ्यानं "अहो तुम्हीच सांगितलं निवेदन द्या" असं ओरडले. आमच्या वकिलांनी कलम २१ चा तो सहा महिन्यांचा भाग वाचून दाखवला, मग विचाराधीनचं पत्र, आणि कातीजीचा १९८७ चा निकाल, ज्यात सुप्रीम कोर्टानं म्हणलंय की रोजच्या रोजचा खुलासा मागायचा म्हणजे पंतोजीपणा करायचा असं नाही, मग तासातासाचा, सेकंदाचा का नको मागायला. मार्च २०२१ ला आदेश आला, ५४ दिवस माफ. अडीच पानांचा. मी त्या दिवशी रडले, नोकरी लागली त्या दिवशीपण एवढी नव्हते रडले. आणि अजून मूळ प्रकरणाला सुरुवातपण झाली नव्हती हो.

याच दरम्यान दिराचं एक झालं ते सांगते कारण तो आणि मी एकाच घरात असून दोघांचे नियम वेगळे निघाले. तो वाळूजला एका कारखान्यात ऑपरेटर. २०१९ ला तिथं वरची ग्रेड देताना यांच्या युनियनच्या पोरांना सोडून बाकीच्यांना दिली. त्याला वाटलं वहिनीला अठरा महिने होते म्हणजे आपल्यालापण असतील. तर कारखान्यातल्या कामगारांना महाराष्ट्राचा १९७१ चा तो एमआरटीयू-पीयूएलपी कायदा, म्हणजे कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा, त्यात गुणवत्ता न बघता एका गटाला झुकतं माप देणं ही अनुचित कामगार प्रथा धरलीय, पण तक्रार औद्योगिक न्यायालयात ९० दिवसांत. नव्वद दिवस! त्याला सहा महिने होऊन गेले होते. तिथंपण योग्य कारण दाखवलं तर उशीर माफ होतो, पण त्याचे बाकीचे सोबती तोपर्यंत थंड पडले होते आणि एकटा कोण जाणार. नाही गेला. आणि एखाद्या बाईला साहेबानं त्रास दिला, त्यातून प्रमोशन अडवलं अशी लैंगिक छळाची तक्रार असेल तर २०१३ च्या कायद्यात अंतर्गत समितीकडं जायला तीन महिने, समितीला वाटलं तर अजून तीन. इतक्या वेगवेगळ्या मुदती आणि एकाचीही पाटी कुठल्या ऑफिसात लावलेली मी बघितली नाही. नागरिकांची सनद मात्र दारातच असते, फ्रेम करून.

सप्टेंबर २०२१ ला पुढची डीपीसी, म्हणजे पदोन्नती समितीची बैठक झाली आणि त्यात मला प्रमोशन मिळालं. सगळे म्हणाले चला, मिळालं ना आता, केस काढून घे, साहेबांच्या नजरेत कशाला यायचं. मीपण डगमगले. पण हिशोब असा होता की मी २०२१ ची, ते तिघं २०१८ चे, पुढच्या पदाला ते कायम माझ्या पुढं राहणार आणि तोपर्यंत माझं रिटायरमेंट. नाही काढली.

अंतिम सुनावणी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये, यावेळी प्रत्यक्ष. मुद्दा एकच ठेवला होता, सातवं पान आणि नववं पान. अहवाल लिहिणं ही अधिकाऱ्याची जबाबदारी, त्यानं नाही लिहिला त्याची शिक्षा कर्मचाऱ्याला कशी, आणि एकाला जी सवलत दिली ती दुसरीला बाळंतपणाच्या रजेवर होती म्हणून नाकारली तर तो राज्यघटनेच्या १६ व्या कलमातल्या संधीच्या समानतेचा भंग. वकीलसाहेबांनी लेफ्टनंट कर्नल नितीशा यांचा मार्च २०२१ चा निकालपण वाचला, लष्करातल्या बायकांचा, की नियम दिसायला सगळ्यांना सारखा असला तरी त्याचा मार बायकांवरच पडत असेल तर तोसुद्धा भेदभावच. मला मनात आलं, माझी केस २०१९ च्या डिसेंबरात वेळेवर आली असती तर कदाचित हा निकाल यायच्या आधीच सुनावणी झाली असती. उशिराचा एवढा एक फायदा.

न्यायाधिकरणानं खात्याला तीन महिन्यांत पुनर्विलोकन समिती घ्यायला, म्हणजे माझ्या नावाचा परत विचार करायला सांगितलं. त्यांनी पाच लावले. एप्रिल २०२३ ला आदेश निघाला, मानीव दिनांक ११ जून २०१८. ग्रुपवर कुणी टाकला नाही, मला आस्थापनेत जाऊन सही करून घ्यावा लागला. शेवटी ओळ होतीच, वेतननिश्चिती काल्पनिक, प्रत्यक्ष थकबाकी देय नाही. काम नाही तर दाम नाही. मी म्हणलं काम करायला मी तयारच होते की, तुम्हीच नाही दिलं. वकीलसाहेब म्हणाले थकबाकीसाठी हायकोर्टात रिट करता येईल, तिथं अशी वर्षाची ठरलेली मुदत नाही पण उशीर केला तर तिथंपण विचारतात, त्यामुळे करायचं तर लवकर ठरवा. घरी दोन रात्री बोललो. नाही केलं. तीन वर्षांच्या पगारातला फरक बघितला, वकिलांची फी बघितली, आणि त्या शेजारच्या टेबलावरच्या बाईकडं बघितलं जी आता कुठं परत बोलायला लागली होती.

काल्पनिक वेतननिश्चिती तरी नीट व्हावी ना, तर तीपण चुकवली, एक वार्षिक वेतनवाढ कमी धरलीय. गेल्या महिन्यात त्याचं निवेदन दिलं. भाऊसाहेब तेच आहेत, यावेळी त्यांनी वर बघितलं. मी झेरॉक्स पुढं केली आणि शिक्का पुसट उमटला होता म्हणून त्यांना परत मारायला लावला.